फरश्यांच्या गाडीतून व्हिएन्टियानला

हनोईहून व्हिएन्टियानला विमान सव्वा तासाच्या आसपास पोचवतं. बसला चोवीस तास लागतात, असं तिकीट विकणारे सांगतात आणि ते खरं धरून चालणारा सहसा परदेशी असतो. पाठीवर सॅक टाकून हिंडणाऱ्या पोरांनी या बसला 'नरकाची बस' असं नाव ठेवलंय. हनोईच्या जुन्या पेठेत आम्ही उतरलो होतो तिथे न्याहारीच्या टेबलावर रोज तिच्या कहाण्या चालत. कुणाला दोन बर्थच्या मधल्या बोळात झोपावं लागलं, कुणाच्या उशाशी रात्रभर कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती, कुणाला सीमेवर सोडून गाडी पुढे गेली. सांगणारा बदलला की प्रवास दोन तासांनी वाढायचा.

तरी आम्ही बसच घेतली. आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. तो एक नोकरी सोडून दुसरी धरायच्या आधी फिरून घेणारा, आणि मी बँकेतून निवृत्त झालेली. त्याचं म्हणणं, "मावशी, विमानानं गेलो तर नुसते दोन विमानतळ बघू. मधला डोंगर कोण बघणार?" मला डोंगरापेक्षा भाड्यातला फरक पटला. शिवाय रात्रीच्या बसची मला धास्ती नव्हती. सांगली-मुंबई प्रवास मी वर्षानुवर्षं एसटीनं केलाय, खडखडणाऱ्या काचेच्या फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबून.

बस सुटते हनोईच्या दक्षिणेकडच्या नुओक न्गाम स्थानकावरून. सुटायच्या दोन तास आधी या, असं आम्हाला बजावलं होतं. गेलो तर माणसं चढायचा पत्ता नाही, माल चढत होता. गाडीच्या पोटातले कप्पे फरशीच्या खोक्यांनी खच्चून भरले होते. त्यावर लसणाची पोती, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या उतरंडी, पंख्यांची खोकी. एका कप्प्यात चक्क एक मोटरसायकल आडवी झोपवली होती, पेट्रोल काढून घेऊन. बाहेरची जागा संपल्यावर खोकी आत यायला लागली. बोळात खोक्यांचा एक थर बसला आणि त्यावर सतरंजी अंथरली. आमच्या सॅक कुठे जाणार हा प्रश्न क्लीनरनं आमच्याकडे न बघताच सोडवला. त्या त्यानं मोटरसायकलच्या चाकांच्या मधल्या पोकळीत ढकलल्या.

व्हिएतनामच्या स्लीपर बसची रचना आपल्याकडच्यासारखी नसते. लांबीच्या दिशेने बर्थच्या तीन ओळी, दोन खिडक्यांकडेला आणि एक मधोमध, वर-खाली अशा दोन मजल्यांवर. ओळींच्या मधे दोन बोळ, एक माणूस तिरका होऊन जाईल एवढे. बर्थ पूर्ण आडवा होत नाही. पाठ थोडी उंच राहते आणि पाय पुढच्या माणसाच्या पाठीखाली असलेल्या पेटीसारख्या खोबणीत घालायचे. म्हणजे माझ्या डोक्याखाली मागच्याचे पाय, माझे पाय पुढच्याच्या डोक्याखाली. पाच फुटांच्या माझ्यासारखीला ते जमून जातं. भाचा सहा फुटांना टेकलेला. त्याचे गुडघे त्या खोबणीच्या तोंडाशी अडकायचे. मग एका कुशीवर, पाय मुडपून, कंबर बोळाकडे काढून तो पडला. गाडी वळली की त्याची कंबर बोळात झोपलेल्या माणसाच्या तोंडावर यायची. त्या माणसानं पहिल्यांदा हाताने ढकललं, दुसऱ्यांदा ढकललं, तिसऱ्यांदा आपली उशी मधे लावून दिली आणि झोपून गेला.

गाडीत चढताना पायातलं काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि पिशवी बर्थपाशी अडकवायची. हा नियम मला फार आवडला. थांब्यावर उतरताना क्लीनर दाराशी एक टोपलं उपडं करतो. त्यातून निळ्या-हिरव्या प्लास्टिकच्या सपाता बाहेर पडतात, सगळ्या एकाच मापाच्या, आणि ज्याच्या हाताला जी लागेल ती त्यानं घालायची. दोन्ही उजव्या पायाच्या आल्या तरी चालतं. जेवून, हातपाय धुवून लोक परतले की सपाता पुन्हा टोपल्यात. चाळीसेक माणसांत एकही चप्पल हरवत नाही, एकही माणूस आपलीच हवी म्हणून अडून बसत नाही.

बाकी मात्र आवडण्यासारखं काही नव्हतं. एसी इतका गार की खिडकीला आतून पाणी सुटलेलं, आणि त्याची झडप बंद होत नव्हती. भाच्यानं त्यात मोजा कोंबला. समोरच्या टीव्हीवर विनोदी नाटुकल्या आणि मधेमधे रडकी गाणी, पूर्ण आवाजात. ड्रायव्हर खिडकी बोटभर उघडून सिगारेट ओढे, धूर मात्र आतच यायचा. हॉर्न एकदा दाबला की तो पाच-सहा सुरांत घुमत राही. रेक्झिनचा बर्थ गुळगुळीत, त्यामुळे घाटात अंग खाली सरकत जातं आणि पायांची ती पेटी भरली की गुडघे वर येतात. मध्यरात्री माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. उठून उभं राहावं तर बोळात माणूस, बसावं तर वरचा बर्थ डोक्याला लागतो. मग पडल्यापडल्याच घोटे गोल फिरवत राहिले.

पहिला मोठा थांबा रात्री उशिरा, हमरस्त्यावरच्या एका धाब्यासारख्या जागी. तिकिटात जेवण धरलेलं असतं. सहा-सहा माणसांना एकेका गोल टेबलाला बसवतात आणि मधे भाताचं पातेलं, शिजवलेलं डुकराचं मांस, टोफू, लसणावर परतलेली पाण्यातली पालेभाजी आणि तिच्याच पाण्याचं पातळ सूप. मी शाकाहारी. भाजीतही माशाचा सॉस असतो हे तोवर कळलं होतं, म्हणून भात वाढून घेतला आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. टेबलावरच्या पाच जोड्या डोळ्यांनी त्या डब्याकडे पाहिलं. समोर बसलेली बाई माझ्याच वयाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातांच्या नखांत सिमेंटसारखं काहीतरी कायमचं बसलेलं. तिनं काडीच्या टोकावर चिमूटभर चटणी घेऊन चाखली, नवऱ्याला चाखवली आणि मग डबा आपल्याकडेच ओढून घेतला. बदल्यात तिनं माझ्या भातावर टोफूचे चार तुकडे ठेवले. ते मी खाल्ले. सॉसचा विचार केला नाही.

ही बाई पुढच्या प्रवासात माझी मालकीण झाली म्हटलं तरी चालेल. भाच्याच्या फोनमधल्या भाषांतरावरून कळलं ते एवढं: ती न्घे आन प्रांतातली, नवरा गवंडी, दोघं व्हिएन्टियानला बांधकामावर असतात, मुलं गावी आजीकडे. पोटातल्या फरश्या त्यांच्या नव्हेत, पण बोळातली दोन खोकी त्यांची होती. त्यात नळाच्या तोट्या आणि पाईप होते, तिकडे महाग मिळतात म्हणून. बसमधल्या बहुतेकांची गोष्ट हीच होती. गवंडी, सुतार, वायरमन, केस कापणारे, छोटे दुकानदार. मध्य व्हिएतनामातल्या न्घे आन आणि हा तिन्ह या प्रांतांतून लाओसला पोट भरायला जाणं हे काही आजचं नाही. फ्रेंचांनी आपल्या राजवटीत लाओसमध्ये कारकून, मजूर, कारागीर म्हणून व्हिएतनामी लोक इतके नेले की १९४०च्या दशकात व्हिएन्टियान आणि थाखेक या शहरांत लाओंपेक्षा व्हिएतनामी जास्त होते. राज्यकर्ते गेले, सीमा आखल्या गेल्या, पण डोंगर ओलांडून कामाला जायची वाट राहिली. ती वाट आता या बसच्या चाकांखाली आहे.

मालाचंही तसंच. लाओसला समुद्र नाही. डोंगराच्या अलीकडे व्हिएतनामची बंदरं आणि कारखाने, पलीकडे सगळ्या बाजूंनी जमिनीनं वेढलेला देश. ट्रकभर माल पाठवायची ऐपत नसलेला छोटा व्यापारी दहा खोकी बसमध्ये टाकतो. ड्रायव्हर-क्लीनरची खरी कमाई त्यात असणार, कारण त्यांची सगळी माया खोक्यांवर होती. रात्री दोनदा गाडी थांबवून क्लीनरनं बॅटरी मारून दोऱ्या तपासल्या. बोळातल्या माणसावर पाय देऊन तो गेला, पण खोक्यावर दिला नाही. माझा राग इथे निवळला. ही मालगाडी आहे आणि तिच्यात जागा उरली म्हणून आपल्याला घेतलंय, हे एकदा ध्यानात घेतलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. परदेशी पोरं तिच्याकडून प्रवासी बसची अपेक्षा करतात आणि मग नरक वगैरे म्हणतात.

आता बायकांच्या प्रश्नाकडे येते, कारण प्रवासवर्णनं लिहिणारे पुरुष तो गाळतात. बसमध्ये संडास नव्हता. धाब्यावर होता, दोन-तीन हजार डोंग देऊन, म्हणजे आपले दहाएक रुपये. पण जेवणानंतर विन्ह शहर मागे पडलं, गाडी पश्चिमेला डोंगराकडे वळली आणि पुढे थांबे म्हणजे रस्त्याची कड. पुरुष उतरून गाडीकडे पाठ करून रांगेत उभे राहिले. मी दारात थांबले. अंधार, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि गाडीचे मागचे दिवे सगळा रस्ता लालभडक करत होते. फुलांच्या रुमालाची बाई मागून आली, माझं मनगट धरलं आणि मला गाडीच्या पुढच्या अंगाला, दिव्यांच्या उजेडापलीकडे घेऊन गेली. तिच्या काखेत जांभळ्या रंगाचा पातळ प्लास्टिकचा रेनकोट होता, मोटरसायकलवर दोघांना मिळून घालता येईल असा मोठा. तो तिनं दोन्ही हातांनी पसरून धरला, तोंड फिरवलं आणि मोठमोठ्यानं कोणाशी तरी बोलायला लागली. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून ती बोलत होती हे मला नंतर सुचलं. माझं झाल्यावर रेनकोट माझ्या हातात देऊन ती आडोशाला बसली, आणि मी काय बोलावं ते न सुचून सतराचा पाढा मोठ्यानं म्हटला.

पहाटे तीनच्या पुढे कधीतरी गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं. काउ त्रेओ, व्हिएतनामची सरहद्द. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, आन्नाम डोंगररांगेतली खिंड. नाकं सकाळी सातला उघडतं. म्हणजे चोवीस तासांतले जवळपास चार तास गाडी नुसती उभी असते. हे तिकीट विकणाऱ्यानं सांगितलेलं नसतं आणि या प्रवासातला सगळ्यात वाईट भाग तोच. इंजिन बंद म्हणून एसी बंद, खिडक्या उघडत नाहीत, आणि चाळीसेक माणसं, लसूण आणि ओले मोजे. मघाशी थंडीनं कुडकुडलेली माणसं आता घामानं भिजली. शेवटी मी सपाता शोधून खाली उतरले. बाहेर दाट धुकं, अंगावर शिरशिरी येणारा गारठा. एका टपरीत कोळशाच्या शेगडीवर किटली होती. तिथे हिरव्या चहाचे छोटे पेले आणि भोवती चटया टाकून पडलेले ट्रक ड्रायव्हर. पैसे बदलणाऱ्या दोन बाया पहाटे पाचलाच नोटांच्या चवडी घेऊन हजर झाल्या. डोंग देऊन लाओसचे किप घेतले आणि दोन्हीकडच्या शून्यांचा हिशोब करताना चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माझ्यासारखीचीही त्रेधा उडाली. डॉलरला वीस हजारांच्या पुढे किप, त्याच डॉलरला पंचवीस हजारांच्या घरात डोंग. भाच्यानं फोनवर गुणाकार करेपर्यंत माझं तोंडी झालं होतं, हे सांगितलंच पाहिजे.

सातला नाकं उघडलं. व्हिएतनामी आणि लाओ लोकांचं काम चटकन होतं. आमचं तसं नव्हतं. आधी व्हिएतनामच्या बाजूला बाहेर पडल्याचा शिक्का, मग दोन ठाण्यांच्या मधला रस्ता चालून लाओसच्या बाजूला, तिथे अर्ज, फोटो, डॉलरमध्ये शुल्क आणि मग पासपोर्टच्या पूर्ण पानावर चिकटवलेला व्हिसा. आमच्यापुढे चार-पाच युरोपीय होते. खिडकीमागचा माणूस घाईत नव्हता. आमची बस कोणत्या बाजूला आहे ते दिसत नव्हतं, धुक्यात नुसते हॉर्न ऐकू येत होते. न्याहारीच्या टेबलावरची ती कहाणी आठवली, सीमेवर सोडून गेलेल्या गाडीची. सॅक गाडीत, आम्ही बाहेर.

"तू पळत जाऊन बघ, मी इथं थांबते," मी म्हटलं.

"आणि तुला सोडून गाडीत बसू? आई मला जिवंत ठेवेल का, मावशी?"

दोघंही थांबलो. तासाभरानं व्हिसे हातात पडले आणि आम्ही जवळजवळ धावतच पुढे गेलो. गाडी तिथेच होती. कस्टमच्या शेडपुढे तिचं सगळं पोट उघडं पडलं होतं आणि फरश्यांची खोकी जमिनीवर रांगेनं मांडून मोजली जात होती. क्लीनर कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. आणखी दीड तास तरी ते चाललं. ज्या फरश्यांमुळे रात्रभर पाय पसरता आले नव्हते त्यांच्यामुळेच गाडी आम्हाला सोडून जाऊ शकली नाही. फुलांच्या रुमालाची बाई खोक्यावर बसून नाश्त्याला पाव खात होती. आम्हाला बघून तिनं हातानं 'या, बसा' अशी खूण केली.

लाओसमध्ये शिरल्यावर उतार लागतो आणि लाक साओ नावाचं धुळकट बाजारपेठेचं गाव येतं. त्याच्या पुढचा टापू बघायला लोक मुद्दाम मोटरसायकल भाड्यानं घेऊन येतात. चुनखडीचे काळे-करडे सुळके, मैलोन् मैल, एकमेकांना चिकटून उभे, मधे कुठेतरी हिरव्या भाताचे वाफे. भाच्याला हवा होता तो डोंगर हाच. तो तेव्हा तोंड उघडं टाकून झोपला होता. मी त्याला उठवलं नाही. सहा फुटांचं पोर अखेर त्या खोबणीत कसंबसं मावलं होतं.

या भागात गाडी थांबली तेव्हा कोणीच झाडीत शिरलं नाही, सगळे डांबराच्या कडेलाच थांबले. मला वाटलं सापांमुळे. कारण वेगळं होतं. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. व्हिएतनामच्या उत्तरेकडून दक्षिणेला रसद नेणारी हो चि मिन्ह वाट लाओसच्या पूर्व पट्ट्यातून जायची, हे त्याचं एक मोठं कारण. क्लस्टर बॉम्बमधून सुटलेले चेंडूएवढे गोळे सत्तावीस कोटींच्या आसपास, आणि त्यातले जवळपास तीस टक्के तेव्हा फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. ते अजून शेतात, रानात सापडतात, मुलं खेळायला उचलतात. व्हिएन्टियानला 'कोप' नावाचं केंद्र आहे, तिथे हातपाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव मिळतात आणि हा सगळा इतिहास मांडून ठेवलाय. आम्ही नंतर तिथे गेलो. आडोसा शोधायला दूर न जाणाऱ्या बायकांचं कारण मला तिथे नीट कळलं.

मग मेकाँगच्या बाजूचा तेरा नंबरचा रस्ता लागला आणि प्रवास साधा झाला. पाकसानला भाजलेल्या कोंबड्या बांबूच्या चिमट्यात धरून बायका खिडक्यांखाली धावत आल्या. माझ्यासाठी त्यांच्याकडे खाओ लाम होतं: चिकट भात, नारळाचं दूध आणि काळ्या शेंगदाण्यांसारखे दिसणारे दाणे बांबूच्या नळकांड्यात घालून विस्तवावर भाजलेले. बांबू केळ्यासारखा सोलायचा. गेल्या दिवसभरातलं ते पहिलं पोटभर खाणं. नदीपलीकडे थायलंड दिसत होतं. गाडी दर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून कुठे खुर्च्या, कुठे पंखे उतरवत चालली. आता कुणालाच घाई वाटत नव्हती, मलासुद्धा.

व्हिएन्टियानच्या दक्षिण बसस्थानकात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्थानक शहरापासून नऊएक किलोमीटर दूर आहे, हेही तिकिटावर लिहिलेलं नसतं. माझे घोटे सुजून पाव झाले होते, सॅकला मोटरसायकलच्या चेनचं ग्रीस लागलं होतं. बाईनं चटणीचा रिकामा डबा रुमालानं पुसून परत दिला. आमच्यासाठी टुकटुकवाल्याशी तिनंच भांडून भाडं ठरवलं आणि नवऱ्यासोबत पाईपची खोकी डोक्यावर घेऊन निघून गेली.

कोणी विचारलं तर मी स्वच्छ सांगते. पन्नाशी उलटली असेल, कंबर किंवा गुडघे कुरकुरत असतील, लघवी धरून ठेवणं जमत नसेल, तर विमानानं जा, त्यात कमीपणा नाही. बसनंच जायचं असेल तर खालचा बर्थ मागा, मागची पाच जणांची सलग ओळ टाळा, वीस डॉलरच्या कोऱ्या नोटा आणि दोन फोटो अंगावर ठेवा, सॅकमध्ये नको. बायकांनी एक मोठा, गडद रंगाचा रेनकोट घ्यावा, पाऊस असो वा नसो. आणि शेंगदाण्याची चटणी दोन डबे न्या, एक पुरत नाही.